३२ पत्ते : कॅट अपुरा नाही
फ्रान्समधले जुने आणि शोभेचे पत्ते घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पार्सल पोचल्यावर पहिला फोन साधारण अर्ध्या तासात येतो. "अहो, पत्ते कमी निघाले." किती आहेत? "बत्तीस." दुर्री ते छक्की एकही नाही ना? पलीकडे जरा शांतता, मग, "हो, तुम्हाला कसं कळलं?"

आम्हाला कळतं, कारण हा फोन आम्ही दर आठवड्याला घेतो. म्हणून हे पत्रक छापलं. पार्सलमध्ये पत्त्यांच्या वर ठेवतो, म्हणजे मोजायच्या आधी हाताला लागेल.

फ्रान्समध्ये पिके नावाचा खेळ काही शतकं गाजला. तो सुरुवातीला ३६ पत्त्यांचा होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस छक्क्याही गळाल्या आणि ३२ उरले. आज तिथल्या घराघरांत खेळतात तो बलोतही ३२ पत्त्यांचाच. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, असे आठ चोक बत्तीस. आपण पाच-तीन-दोन मांडताना काय करतो? खालचे पत्ते काढून टाकतो, बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या तेवढ्या ठेवतो आणि ३० पत्त्यांवर खेळतो. त्यात किलवर आणि चौकटच्या सत्त्या घातल्या की फ्रेंच कॅट झाला. जोकर त्यात नसतो. तो मागू नका.

५२ पत्त्यांचे फ्रेंच कॅटही असतात आणि आमच्याकडे आहेत. पण जुन्या मालात ३२चेच जास्त हाताला लागतात. तारोचा, म्हणजे टॅरोचा, कॅट मात्र ७८ पत्त्यांचा. त्यात राणी आणि गुलाम यांच्यामध्ये एक घोडेस्वार असतो, म्हणून एका रंगात १४ पत्ते. शिवाय १ ते २१ आकड्यांचे हुकूम आणि 'एक्सक्यूज' नावाचा एक सुटा पत्ता. "एक गुलाम जास्तीचा आलाय" असं कोणी कळवलं की तो घोड्यावर बसलाय का, एवढंच आम्ही विचारतो. (तारोवर भविष्य सांगतात हे खरं, पण फ्रान्समध्ये चार जण टेबलाभोवती बसून तो चक्क खेळतात. आमच्याकडचे कॅट खेळायचे आहेत. भविष्याची जबाबदारी आम्ही घेत नाही.)

कोपऱ्यातल्या अक्षरांवरूनही घोळ होतो. आर म्हणजे र्वा, राजा. डी म्हणजे दाम, राणी. व्ही म्हणजे वाले, गुलाम. एक्क्यावर बहुधा १ हा आकडाच असतो. जुन्या कॅटांत कोपऱ्यात काहीच नसतं; ती छपाईची चूक नव्हे, कोपऱ्यात अक्षर छापायची पद्धतच पुढची आहे.

आता मुद्द्याचं. मोजणी कमी भरली असं वाटून कॅट परस्पर परत पाठवू नका. मागच्या पावसाळ्यात एक कॅट असाच आला. शंभरी गाठलेला, चारी कडा शाबूत, आमच्याकडून पातळ कागदात गुंडाळून गेलेला. परत येताना त्याला दोन रबरबँड होते, एक आडवा आणि एक उभा, चांगले घट्ट. प्रवासात पाच दिवस गेले. उघडलं तर सगळ्यात वरच्या आणि खालच्या पत्त्याच्या लांब कडेला उंदरानं दात लावावा तशी खाच, आणि त्यांच्या आतल्या दोघांवरही तिचा वळ. मोजले, बत्तीसच्या बत्तीस. ग्राहक भला माणूस, त्याने माफीही मागितली, पण ती खाच काही भरून येत नाही. तो कॅट आम्ही निम्म्या किमतीला दिला.

तेव्हापासून बिलावर पत्त्यांचा आकडा लाल शाईने लिहितो आणि त्याखाली कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत तेही लिहितो. त्या आकड्यापेक्षा एक जरी पत्ता कमी निघाला तर पूर्ण पैसे परत, जाण्यायेण्याचा खर्चही आमचा. आकडा जुळत असेल तर 'कमी पत्ते' या कारणावर माल परत घेत नाही. काहींना हे उद्धट वाटतं. वाटो. दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की हरवलेल्या पत्त्याच्या जागी दुसऱ्या कॅटातला पत्ता सरकवून आम्ही कधी कॅट 'पुरा' करत नाही. बाजारात असे जोडकाम केलेले कॅट भरपूर फिरतात. ३१ असतील तर बिलावर ३१ लिहू आणि किंमत त्याप्रमाणे लावू.

दुसरी तक्रार किलवरच्या एक्क्याची. "एक्क्यावर कोणीतरी शिक्का मारून ठेवलाय, बदलून द्या." तो शिक्का सरकारचा आहे. फ्रान्समध्ये पत्त्यांवर कर होता. तिसऱ्या हेन्री राजाने तो १५८३ साली बसवला. १७५१मध्ये त्याचं उत्पन्न पॅरिसच्या लष्करी शाळेकडे, एकोल मिलिटेरकडे, वळवलं. पुढे नेपोलियन शिकला ती हीच शाळा. फ्रेंच राज्यक्रांतीत कर गेला, १७९८ साली परत आला आणि १९४५पर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कर भरल्याची खूण किलवरच्या एक्क्यावर येऊ लागली. म्हणजे तो शिक्का दिसला की कॅट १९४५च्या आधीचा, हे आपोआप कळतं. एका गृहस्थांनी तो खोडरबराने निम्मा पुसला आणि मग आम्हाला फोटो पाठवून विचारलं, बाकीचा कशाने जाईल?

एक्क्यानंतर किलवरचा गुलाम बघा. कारखानदाराचं नाव जुन्या कॅटांत बहुधा त्याच्याच अंगावर सापडतं. चित्रातल्या प्रत्येक पात्रालाही नाव असतं: इस्पिकचा राजा दाविद, बदामचा शार्ल, म्हणजे शार्लमेन, चौकटचा सीझर, किलवरचा अलेक्झांडर. किलवरच्या राणीचं नाव आर्जिन. रेजिना, म्हणजे राणी, या लॅटिन शब्दाची अक्षरं उलटसुलट करून ते बनलंय. बदामचा गुलाम ला इर हा जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढलेला सरदार. संग्रह करायचा तर सुरुवात या नेहमीच्या 'पॅरिसच्या चेहऱ्यां'पासून करा असं आमचं मत आहे. एकदा हे चेहरे ओळखीचे झाले की बाकी कॅट त्यांच्यापासून कुठे फटकून वागतात ते दिसायला लागतं. पात्र नखशिखांत उभं असेल, वर-खाली दोन धडं नसतील, तर कॅट बहुतेक १८३०च्या आधीच्या धाटणीचा.

सगळ्यात जास्त फटकून वागले ते क्रांतीच्या काळातले. १७९३-९४मध्ये राजेशाहीची चिन्हं बाळगायची सोय राहिली नाही. काही कारखानदारांनी लाकडी ठशांवरचे मुकुट तासून टाकले आणि बोडक्या डोक्याचे राजे छापले. झोम आणि द्युगूर यांच्या कारखान्याने तर राजाच्या जागी 'प्रतिभा', राणीच्या जागी 'स्वातंत्र्य' आणि गुलामाच्या जागी 'समता' बसवली. पुढे नेपोलियनने दाविद या चित्रकाराकडून नवे चेहरे काढून घेतले, पण खेळणाऱ्यांना ते रुचले नाहीत आणि १८१३च्या सुमारास जुनीच मंडळी परतली. बादशहाचाही हुकूम पत्त्यांवर चालला नाही. हे कॅट आमच्याकडे पुनर्मुद्रण म्हणून मिळतात आणि बिलावर 'पुनर्मुद्रण' असंच लिहिलेलं असतं. अस्सल म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी आम्हाला फोटो पाठवा. बघायचे पैसे घेत नाही.

पाठीवर कोणी काही लिहिलं असेल तर तेही डाग समजू नका. जुन्या फ्रेंच पत्त्यांची पाठ कोरी असायची आणि कागद महाग, त्यामुळे लोक त्यांवर निरोप, हिशेब, आमंत्रणं लिहायचे. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत १६८५ साली नाणी संपली तेव्हा सैनिकांचा पगार पत्त्यांवर रक्कम लिहून, सह्या करून दिला होता. पाठीवर वाचता येण्यासारखा मजकूर असलेल्या पत्त्याचे आम्ही जास्त पैसे लावतो. का लावतो, ते आता विचारू नका.

ठेवण्याबद्दल थोडक्यात. जुना पत्ता म्हणजे खळ लावून एकमेकांवर चिकटवलेले कागद. खळ कसरीला आवडते आणि पावसाळ्यात फुगते. ओलं फडकं लावू नका, लॅमिनेशन करू नका, डांबराची गोळी पत्त्यांना चिकटून ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ती महिन्याला बदलावी. आणि हे पत्ते पिसू नका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीनपत्तीला फ्रेंच राजा-राणी हवेच असतील तर ५२चे नवे कॅट आहेत. १८४८ साली सुरू झालेल्या ग्रिमो कंपनीचे घ्या, हवे तेवढे पिसा.

ज्यांना खेळायचं नाही, नुसतं बघायचं आहे, त्यांच्यासाठी कासांद्र या चित्रकाराने १९४८ साली एर्मेस या फ्रेंच कंपनीसाठी काढलेल्या पत्त्यांचा एक जुना कॅट सध्या दुकानात आहे. किंमत ऐकून बसावं लागेल, खुर्ची आहे. फोनवर सांगत नाही.

फोन करण्याआधी बिलावरचा लाल आकडा वाचून ठेवा. पहिला प्रश्न आम्ही तोच विचारतो.