सड्यावरच्या वाऱ्याचा जमाखर्च

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघरकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारावर, चढतो आणि तिथे नजर जाईल तिकडे पवनचक्क्या दिसू लागतात. मे महिन्याच्या दुपारी एखाद्या मनोऱ्याखाली उभे राहिले, की पात्यांचा सूं-सूं आवाज ठरावीक लयीत कानावर येतो आणि त्यांची सावली काळ्या-तांबड्या जांभ्यावरून पुन्हापुन्हा फिरत जाते. पवनऊर्जेचे फायदे-तोटे सांगताना बहुतेक वेळा इंधन लागत नाही, धूर होत नाही, पण वारा बेभरवशाचा असतो, एवढ्यावरच चर्चा थांबते. माझ्या मते हा हिशेब जागा आणि ऋतू सोडून मांडताच येत नाही. म्हणून तो या एका सड्यावरच मांडून पाहू.

भारतात वाऱ्यापासून वीज निर्माण करून ती वीजपुरवठ्याच्या जाळ्यात सोडण्याचे पहिले प्रयोग १९८६ मध्ये झाले. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्याकडे रत्नागिरी येथे ५५ किलोवॉटची छोटी यंत्रे उभारण्यात आली. साताऱ्याचे सडे आणि कोयनेच्या वरच्या अंगाचे वनकुसवडे पठार यांवर गर्दी झाली ती १९९८ नंतरच्या काही वर्षांत. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेली ही पठारे निवडण्यामागचे कारण भूगोलात आहे. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडतो, वर ढकलला जातो आणि माथ्यावरून जाताना दाबला गेल्यामुळे त्याचा वेग वाढतो. उंचीवर हवा विरळ असल्याने समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत तिचे वजन सुमारे दहा टक्के कमी भरते खरे, पण वाढलेला वेग ही तूट सहज भरून काढतो.

याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. सेकंदाला सहा मीटर आणि सात मीटर हे दोन वारे आपल्या अंगाला जवळपास सारखेच लागतात, पण दुसऱ्यात सुमारे साठ टक्के अधिक शक्ती असते. त्यामुळे यंत्र कुठे उभे करायचे यात एका टेकडीचीही चूक महागात पडते. दुसरीकडे, पात्यांनी व्यापलेले वर्तुळ व्यासाच्या वर्गाने वाढते. जुन्या यंत्रांचा व्यास तीसेक मीटर होता, आजच्या यंत्रांचा १२० मीटर आणि त्याहून अधिक असतो, म्हणजे एकच यंत्र सोळापट क्षेत्रातला वारा झेलते. मात्र वाऱ्यातली सगळी शक्ती कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. ती घेतली तर पात्यांमागची हवा जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेची वाट अडेल. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की ही मर्यादा ५९.३ टक्क्यांवर येऊन थांबते.

जमेच्या बाजूला पहिली नोंद कार्बनची. मनोऱ्याचे पोलाद, पायाचे काँक्रीट, वाहतूक आणि शेवटी यंत्र मोडीत काढणे असे सगळे धरूनही जमिनीवरच्या पवनचक्कीच्या एका युनिटमागे ११ ग्रॅमच्या आसपास कर्बवायू पडतो, तर कोळशाच्या विजेमागे ८२० ग्रॅम. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीने २०१४ च्या अहवालात दिलेले हे मध्यम आकडे आहेत. यंत्र बनवण्यात खर्ची पडलेली ऊर्जा साधारण वर्षभरातच फिटते आणि यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते. दुसरी नोंद पाण्याची आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात ती पहिल्या नोंदीइतकीच मोलाची मानायला हवी. औष्णिक केंद्राला एका युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी लागते, पवनचक्कीला जवळजवळ लागतच नाही. विदर्भात उन्हाळ्यात कोळशाची केंद्रे आणि गावे एकाच नदीकडे डोळे लावून बसतात, तेव्हा या तीन लिटरांची किंमत कळते.

आता ऋतूकडे वळू. सड्यावरचा वारा वर्षभर सारखा वाहत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा निर्माण होतो. नंतर वारा पडतो आणि एप्रिल-मेमध्ये, पंखे, कूलर आणि शेतीचे पंप जोरात चालू असताना, वाऱ्याचा जोर पावसाळ्याइतका नसतो. दोन मेगावॉटचे यंत्र कागदावर वर्षाला जेवढी वीज देऊ शकते, त्याच्या पाव भाग प्रत्यक्षात मिळाला असे धरले तर सुमारे ४४ लाख युनिट हाती येतात. महिना शंभर युनिट वापरणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक घरांना ती पुरेल, पण फक्त बेरजेत. ज्या दिवशी वारा नसेल त्या दिवशी त्या घरांना दुसरीकडूनच वीज आणावी लागते. विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा क्षणाक्षणाला जुळवून कंपनांक, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, ५० हर्ट्झच्या जवळ राखावा लागतो, त्यामुळे वाऱ्याच्या चढउताराची भरपाई करणारा भिडू सोबतीला हवाच.

आणि तो भिडू या पठाराच्या पायाशीच आहे. वनकुसवड्याच्या कड्यावरून खाली पाहिले, की कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो. कोयनेची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट असली, तरी वीज करून पश्चिमेकडे सोडता येणाऱ्या पाण्यावर कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. म्हणजे कोयनेकडे यंत्रे भरपूर आहेत आणि पाणी मोजके आहे. पावसाळ्यात वारा जोरात असताना कोयनेची यंत्रे कमी चालवून आपल्या वाट्याचे पाणी राखून ठेवायचे आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ते वापरायचे, ही जोडी निसर्गानेच जुळवून दिलेली आहे. निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळवणारा डेन्मार्क नेमके हेच करतो. वारा जास्त झाला की समुद्राखालच्या तारांमधून वीज नॉर्वेला देतो आणि वारा पडला की नॉर्वेच्या धरणांची वीज घेतो. त्या तारांपैकी पहिल्या १९७० च्या दशकातच टाकलेल्या आहेत. आपल्याला समुद्र ओलांडावा लागत नाही, फक्त घाट उतरावा लागतो.

पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि पाऊस पडत नाही, अशी समजूत दुष्काळी वर्षांत साताऱ्या-सांगलीकडे पसरली होती. पिके डोळ्यांदेखत वाळत असताना गावासमोर नव्याने उगवलेल्या यंत्रांवर संशय जाणे मी समजू शकतो, पण विज्ञान त्याला दुजोरा देत नाही. पाऊस घडवणारे ढग कित्येक किलोमीटर जाडीचे असतात आणि त्यांना लागणारे बाष्प अरबी समुद्रावरून येते. पवनचक्क्या हवेच्या अगदी तळाच्या थरातून थोडीशी शक्ती काढून घेतात. पात्यांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे रात्री जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन ती किंचित उबदार होऊ शकते, एवढाच परिणाम आढळलेला आहे आणि तोही स्थानिक.

खर्चाची खरी नोंद सापडते ती जमिनीवर, गुडघे टेकून पाहिल्यावर. पावसाच्या आधीच्या महिन्यांत या सड्यावर बोटभर लांबीचा एक सरडा दगडावर चढून गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. २०१६ मध्ये या सरड्यांच्या गटाला शास्त्रीय नाव देताना ‘सरडा’ हा आपला मराठी शब्दच घेण्यात आला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीत केलेले निरीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. यंत्रांच्या भागात पक्षी कमी म्हणून सरडे वाढलेले, भीड चेपलेले आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत न हलणारे होते. पण गर्दीमुळे ते किडकिडीत झाले होते आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके पडले होते. म्हणजे यंत्रांनी एकही सरडा न मारता, वरचा शिकारी दूर करून खालची सगळी घडी बदलली. पाते लागून किती पक्षी मेले, एवढेच मोजणाऱ्याला हे कधीच दिसले नसते. जैसलमेरच्या माळरानावर धोका वेगळा आहे. तिथे समोरचे नीट न दिसणारा, जड शरीराचा माळढोक वीजवाहिन्यांना धडकून मरतो आणि तो प्रश्न २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत गेला.

जमिनीचेही तसेच. यंत्राचा पाया थोडी जागा घेतो, पण तिथवर जाणारे रस्ते सड्याला चिरत जातात. जांभ्याच्या खळग्यांत साचणारे पावसाचे पाणी आणि वितभर मातीचा थर यांवर इथली फुले जगतात. रस्त्याच्या भरावाने पाण्याची वाट बदलली, की खालचा खळगा कोरडा पडतो.

साताऱ्याची पहिली यंत्रे आता आयुष्याच्या शेवटाला आली आहेत. त्या काळी करात घसाऱ्याची, म्हणजे यंत्राची किंमत उत्पन्नातून लवकर वजा करण्याची, मोठी सवलत होती, त्यामुळे यंत्र उभे करण्यावर भर होता, ते किती वीज देते यावर कमी. परिणामी राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा लहान, बुटक्या यंत्रांनी अडवल्या आहेत. जुनी काढून मोठी बसवण्याचे केंद्राचे सुधारित धोरण २०२३ मध्ये आले आहे. पोलाद आणि तांबे भंगारात विकले जाते, काचतंतूंच्या पात्यांचे काय करायचे हा प्रश्न मात्र जगभर पुरता सुटलेला नाही. तरीही मला ही मोठी संधी वाटते, कारण मोजकी यंत्रे पुरी पडली तर अनेक पाये आणि रस्ते मोकळे होतील. त्यासाठी नव्या करारातच जुने पाये काढण्याची आणि भराव उचलण्याची अट हवी, नाहीतर ते काम कोणीच करणार नाही. भराव नीट निघाला की नाही, याची तपासणी अवघड नाही. पहिल्याच पावसाळ्यात जुन्या खळग्यात पाणी साचते का, ते जाऊन पाहता येईल.