जबड्याचा अंदाज का चुकतो: मागची गोष्ट

घासात खडा आला की दाढा पुरत्या मिटण्याआधीच जबडा थबकतो. ही खबर नेमकी कोण देतं? सांधा, स्नायू की दात? गेल्या शंभरेक वर्षांत याचं उत्तर दोन-तीनदा बदललं आहे.

स्नायू मेंदूचे नुसते हुकूम झेलत नाहीत, उलट खबरही पाठवतात, हे चार्ल्स बेल यांनी 1826 मध्ये मांडलं. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिलं. जबड्यावर उपचार करणाऱ्यांना मात्र बराच काळ त्याचं सोयरसुतक नव्हतं. 1934 मध्ये सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 11 रुग्णांवरून कानदुखी आणि चक्कर यांचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांध्याजवळच्या नसा दाबल्या जातात, असं त्यांचं म्हणणं. शरीररचनेच्या कसोटीवर ते टिकलं नाही. हॅरी सिचर यांनी ते खोडून काढलं. तरी पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष दातांच्या उंचीवरच खिळलेलं राहिलं.

सांध्याला काय जाणवतं, याकडे नजर वळवली ती स्वीडनच्या बिर्गिट थिलँडर यांच्या 1961 च्या अभ्यासाने. सांध्याला भूल दिली की जबडा पुन्हा त्याच जागी आणताना चूक वाढते, असं त्यांना दिसलं. म्हणजे जागा ओळखतो तो सांधाच, असं मानलं जाऊ लागलं. मग 1972 मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी हाताच्या स्नायूंना कंपनं दिली, आणि हात जागचा न हलताही हलल्याचा भास लोकांना झाला. आता जागा ओळखण्याचं श्रेय स्नायूंकडे गेलं.

जबड्यात तर हे फारच ठळक आहे. तोंड मिटणाऱ्या स्नायूंमध्ये ताण मोजणारे स्पिंडल भरपूर असतात, उघडणाऱ्यांमध्ये जवळपास नाहीतच. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या स्पिंडलच्या चेतापेशी खुद्द मेंदूच्या आत, मध्यमेंदूपर्यंत पसरलेल्या असतात. हातापायांच्या अशा पेशी मज्जारज्जूच्या बाहेर असतात. चावण्याचं बळ ओळखण्याच्या बाबतीत दातांच्या मुळांभोवतालचे संवेदक पुढे असतात. समोरच्या दातांवर 1 न्यूटनपेक्षाही (साधारण 100 ग्रॅम वजनाच्या भारापेक्षाही) कमी दाब आला, तरी ते अगदी तल्लख असतात. जोर वाढला की त्यांचा प्रतिसाद फारसा वाढत नाही; तिथे स्नायूंवरच भिस्त.

मग जबड्याच्या दुखण्याने काय होतं? दुखलं की स्नायू आखडतो आणि आखडला की आणखी दुखतो, हे दुष्टचक्र जुनं स्पष्टीकरण. 1991 मध्ये जेम्स लुंड आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली: वेदना स्नायूला आवरते, हालचाल छोटी आणि संथ करते. जबडा दुखणाऱ्या रुग्णांचा जास्तीत जास्त चावा कमजोर भरतो, हे त्याच्याशी जुळतं. वेदना खबरही बिघडवू शकते. वेदना निर्माण करण्यासाठी मांजरांच्या चर्वणस्नायूत (चावण्याच्या स्नायूत) मिठाचं तीव्र द्रावण टोचलं, तेव्हा स्पिंडलचे संकेत बदलले. शिवाय दमलेल्या स्नायूला तेवढ्याच बळासाठी जास्त जोर लावावा लागतो, म्हणून तेच बळ मोठं वाटतं. रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत जबड्याचा अंदाज स्पष्ट चुकतो, काहींत फरक किरकोळ निघतो. माझ्या मते यात अर्धा दोष सगळ्यांना एकाच नावाखाली मोजण्याचा आहे. आतली कूर्चेसारखी चकती सरकल्यामुळे कट्ट वाजणारा सांधा आणि नुसते दुखरे स्नायू, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

जबड्याच्या अशा विकारांसाठीच्या 2014 च्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत ही वर्गवारी नीट केलेली आहे. वेदना, सांध्याचा आवाज आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं, हे सगळं त्यात तपासलं जातं. आपला जबडा कुठे आहे आणि आपण किती जोराने चावतो आहोत, याचा अंदाज रुग्णाला कितपत येतो, ही चाचणी त्यात नाही.