खाडी रुंद करताना परवानगी कामासाठी लागते, पोकलेनसाठी नव्हे

तरत्या पोकलेनला पोकळ, बंद पोलादी पेट्या असतात आणि त्यांच्याभोवती साखळी फिरते. त्यामुळे तो ओहोटीला चिखलावर चालतो आणि भरतीला तरंगतो. खाडीचं पात्र बार्जसाठी (मालवाहू सपाट तळाच्या नौकांसाठी) रुंद करायचं तर असं यंत्र सोयीचंच. पण ‘याचा परवाना कुठे काढायचा?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. मंजुरी मिळते ती कामाला: कुठून कुठपर्यंत, किती रुंद, किती खोल आणि गाळ कुठे टाकणार.

रायगड जिल्ह्यातली आंबा नदी घ्या. रेवसजवळच्या धरमतर खाडीपासून नागोठणे एसटी स्थानकाजवळच्या पुलापर्यंतचे तिचे 45 किमी हे 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग 10 आहेत. इथे अर्ज करायचा तो ज्याचं काम त्याने, म्हणजे अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने, महाराष्ट्र सागरी मंडळाने किंवा जेटी चालवणाऱ्या कंपनीने. यंत्र भाड्याने देणाऱ्याने अर्जाच्या भानगडीत पडू नये. मंजुरीची प्रत मात्र हातात आल्याशिवाय यंत्र चिखलात उतरवू नये.

आधी एक गोष्ट ठरवा: साचलेला गाळ काढताय की पात्र वाढवताय? 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत बंदरांच्या आतल्या-बाहेरच्या मार्गांचं नवं खोदकाम येतं. देखभालीच्या गाळउपशाला सूट आहे, पण तो मूळ मंजूर प्रस्तावात असेल तरच. रुंदीकरणाला ‘गाळ काढणे’ म्हणून खपवणारे कमी नाहीत. मोजणीच्या नकाशात ते उघडं पडतं.

अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करायचा. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना 2019 प्रमाणे नमुना अर्जासोबत पर्यावरण आघात अहवाल, आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं. शिवाय 1:4000 प्रमाणातला सीआरझेड नकाशा हवा, त्यावर कामाची आखणी दाखवलेली. नकाशा मान्यताप्राप्त संस्थेचाच चालतो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था त्यातली एक. नेहमीच्या सर्व्हेअरकडून काढून घेतलात तर पैसे वाया.

पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण शिफारस करतं. खाडीचं पाणी सीआरझेड-4 या वर्गात आणि तिवरं (खारफुटी) सीआरझेड-1 मध्ये येत असल्याने अंतिम मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची. जनसुनावणी लागू असेल तर किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कोळी बांधवांना डोल (प्रवाहात बांधून ठेवायची जाळी) लावायच्या जागा तोंडपाठ असतात, तेव्हा त्या आराखड्यावर आधीच दाखवलेल्या बऱ्या.

खरी गाठ तिवरांशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालाने राज्यात तिवरं तोडायला बंदी आहे आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात धरला आहे. अपवाद फक्त सार्वजनिक हिताच्या कामाचा, आणि त्यासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर वनखात्याची मंजुरी वेगळी. बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट जागेत तिवरं लावून द्यायची. तरता पोकलेन इथेच घात करतो: खोदायचं नसलं तरी तो तिवरांतून सहज चालत जातो आणि मागे चिरडलेली रोपं ठेवतो. म्हणून यंत्र कुठून उतरेल, रात्री कुठे उभं राहील, हे आराखड्यात आखून दाखवा. गाळाचंही तेच, खारबांधाच्या (खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या) कडेला ओतून ठेवलेला गाळ पहिल्या उधाणात परत पात्रात येतो.

मंजुरीनंतर दरवर्षी 1 जून आणि 31 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. काम पावसाळ्यात बंद असलं, तरी जूनचा अहवाल चुकवता येत नाही.