बंब, गोबर गॅस आणि सोलर: साताऱ्याच्या घरांतल्या उष्णतेची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यात आज नवं घर बांधून झालं की छतावर सोलरची टाकी चढते, न्हाणीघराबाहेर गॅस गिझर लागतो आणि तरीही परसात पत्र्याच्या आडोशाला पाणी तापवायचा बंब किंवा चूल राहतेच. शासकीय योजनांच्या हिशेबात मात्र नवं साधन आलं की जुनं गेलं असं धरलेलं असतं. इथली घरं उष्णतेसाठी एकाच साधनावर कधीच विसंबली नाहीत, आणि याचं पहिलं कारण हवामान आहे.

महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर तिथे ढग आणि धुकं हटत नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावमध्ये पाऊस याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका. पश्चिमेला जळण भरपूर, पण नेमकं गरज असते तेव्हा ते ओलं आणि ऊन गायब. पूर्वेला ऊन वर्षभर, पण जळण म्हणजे बाभळीच्या फांद्या, तुरकाट्या, ज्वारीची धसकटं आणि शेणी. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत याच जिल्ह्यात होता, आणि तिथेही शिराळ्याचा डोंगरपट्टा आणि जत-आटपाडीचं माळरान यांत असाच फरक आहे.

घर गरम ठेवण्याची वेगळी व्यवस्था आपल्याकडे फारशी नव्हती. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या घरांत ते काम चूलच करायची. ती भिंतीआड नसून घराच्या पोटात असायची, जनावरं त्याच छपराखाली, आणि पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यावर बियाणं, ओली लाकडं, कपडे सगळं धुरात वाळायचं. तो धूर बियाण्याला कीड लागू देत नसे. बाईच्या डोळ्यांना आणि छातीला त्याची किंमत मोजावी लागे, आणि ती किंमत फार मोठी होती, हे विसरून जुन्या चुलीचं कौतुक करता येत नाही. महाबळेश्वरची गोष्ट निराळी. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828 नंतर, तिथे आरोग्यधाम उभं राहिलं आणि इंग्रजांनी बंगल्यांत धुराडी असलेल्या शेगड्या बांधल्या. ती पद्धत बंगल्यांपुरतीच राहिली. गावात लोक कोळशाच्या शेगडीपाशी बसत.

आपल्या घरात उष्णतेचा मोठा वाटा खरा जातो तो आंघोळीच्या पाण्यात. चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, पाण्याचं पातेलं कायम असायचं, म्हणजे स्वयंपाकाच्या जाळावरच पाणी तापायचं. बंब ही त्यापुढची पायरी. तांब्याच्या पिंपाच्या मधोमध उभी नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. जाळ सगळ्या बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे उष्णता वाया कमी जाते. तीन दगडांच्या साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते. शिवाय बंबाला लाकडाचा हट्ट नसतो. शेणी, चिपाडं, मक्याची बुरकुंडं, नारळाची करवंटी, शेतात निघेल ते त्याला चालतं. स्वयंपाकघरात गॅस आल्यावरही बंब टिकला तो यामुळेच: त्याचं जळण विकत आणावं लागत नाही.

गॅस हा शब्द खेड्यांत आला तो मुळात सिलिंडरबरोबर नव्हे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 1960च्या दशकात गोबर गॅसचा प्रसार सुरू केला, 1981-82 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर राहिला. दावणीला दोन-चार जनावरं असलेल्या सातारा-सांगलीच्या बागायती गावांत गोबर गॅसच्या टाक्या झाल्या. पण शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊब लागते. तापमान वीस अंशांच्या खाली गेलं की गॅस मंदावतो. म्हणजे थंडीत, जेव्हा पाणी जास्त तापवायचं, तेव्हाच ज्योत बारीक. मग शेण कालवताना कोमट पाणी घालायचं, आणि ते पाणी तापवायला चूल! एका साधनाला दुसऱ्याचा टेकू लागतो, हे घराघरांत तेव्हाच कळलं होतं.

1983 मध्ये केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला. धुराडं असलेल्या दोन तोंडांच्या मातीच्या चुली गावोगाव बसल्या. 2002 मध्ये केंद्राने हात काढून घेतला. माझ्या मते त्यातली चूक चुलीच्या रचनेपेक्षा मोजणीत होती: किती चुली बसल्या हे मोजलं गेलं, धुराडी साफ होतात का, तुटलेली चूल कोण दुरुस्त करतं, हे मागे पडलं.

याच काळात फलटणमध्ये वेगळ्या वाटेने काम चालू होतं. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत 1981 मध्ये अभियंते अनिल राजवंशी आले. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल, ते उन्हाच्या उष्णतेवर गाळायचं आणि त्यावर स्टोव्ह आणि कंदील चालवायचे, तर पाला-पाचोळ्यापासून जळाऊ वायू करायचा, असे प्रयोग तिथे झाले. शेत आणि ऊन ही दोन्ही इंधनं एकाच साखळीत बांधण्याचा तो विचार होता, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा केला. त्याला 2002 मध्ये ब्रिटनचा ॲशडेन हा ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळाला. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात या इंधनाला तोटा नाही.

सिलिंडर शहरांत आधी आला, खेड्यांत बऱ्याच उशिरा. उज्ज्वला योजना 2016 ची. छतावरचं सोलर त्याआधीच बंगल्यांवर आणि हॉटेलांवर दिसू लागलं होतं. 2000 नंतर काचेच्या नळ्यांची स्वस्त यंत्रं आली आणि मध्यमवर्गीय घरांना ते परवडू लागलं. पूर्वेकडे बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साठून ते लवकर मंदावतं. पश्चिमेला पावसाळ्यात ते जवळजवळ निजलेलंच असतं.

म्हणून सोलर, गॅस आणि बंब तिन्ही एकत्र. 100 लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला सुमारे पावणेपाच युनिट उष्णता लागते. ती सगळी गॅसने द्यायची तर साधारण अर्धा किलो गॅस जातो, आणि 14.2 किलोची टाकी महिनाभरात संपते. ढगाळ दिवशीही सोलरने पाणी चाळीस अंशांपर्यंत आणलं तर गॅसचं काम निम्म्यावर येतं. त्यासाठी सोलरचं पाणी गिझरमधून नेणारी जोडणी लागते, आणि कोमट पाणी चालणारा गिझर लागतो. घेण्यापूर्वी हे दुकानदाराला विचारावंच. सलग झडीच्या दिवसांत मात्र बंब पेटतो, तेव्हा जळण उन्हाळ्यातच वाळवून झाकून ठेवलेलं हवं.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवू नये. बंद खोलीत पेटता गिझर किंवा कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते. त्याला वास नसतो, आणि झोप लागल्यासारखं वाटत माणूस दगावतो.