ट्रॅकच्या गाडीला सगळे बुश कडकच हवेत?

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे एक सल्ला फिरतो: सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश (धक्के झेलणाऱ्या गोल गाद्या) काढा, सगळीकडे पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक, थोडक्यात ‘पॉली’) टाका, जितका कडक तितका चांगला. हे खरं नाही, आणि काही जागी तर धोक्याचं आहे.

मूळ बुशातलं रबर आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) हलला की ते पिळलं जातं, गरजेप्रमाणे थोडं तिरकंही होतं. पॉलीचा बुश मात्र आतल्या नळीवर घासत फिरतो. एकाच अक्षाभोवती फिरणाऱ्या आर्मला तो उत्तम. तिरकं व्हावं लागलं की अडकतो.

बीएमडब्ल्यू ई४६ चा मागचा ट्रेलिंग आर्म, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारा आर्म, बघा. त्याचं मागचं टोक दोन आडव्या आर्मनी धरलेलं असतं. चाक वर-खाली झालं की ते आर्म त्याला कमानीत आत-बाहेर ओढतात, म्हणून पुढच्या एकमेव बुशला फिरता फिरता तिरकंही व्हावं लागतं. तिथे घट्ट पॉली बसवला की सस्पेन्शन आखडतं, जणू कुणी जास्तीची स्प्रिंग घातली, आणि मागची पकड अचानक सुटू शकते. तिथे रबर आणि सोबत बुशचं आडवं सरकणं रोखणाऱ्या लिमिटर चकत्या बऱ्या. निव्वळ ट्रॅकची गाडी असेल तर स्फेरिकल बेअरिंग (फिरणारा आणि तिरकाही होणारा धातूचा गोल सांधा). मग खडखडाट आणि धुळीने झिजणं आलंच.

अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीला) पॉली खुशाल टाका, ग्रीस लावून.

नवा रबरी बुश बसवताना शेवटचा बोल्ट मात्र गाडी नेहमीच्या उंचीला असतानाच आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. रबर टिकत नाही, ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.