घरात कोण कोणाचं? ‘बिग बॉस’मधल्या गटातटांची पार्श्वभूमी

सूरज चव्हाण नेमका कोणाच्या गटात होता? ‘बिग बॉस मराठी’चं पाचवं पर्व रोज न चुकता बघणाऱ्यालाही याचं एका वाक्यात उत्तर देता येणार नाही. घरात दोन गट पडले होते, ए टीम आणि बी टीम. ए टीमच्या लेखी तो कुठल्याच हिशेबात नव्हता. बी टीम त्याला आपला म्हणायची, पण डाव ठरताना त्याला कुणी विचारतंय असं फारसं दिसलं नाही. घरातलेच एक स्पर्धक, अभिनेते पॅडी कांबळे यांनी त्याला लेकरासारखं सांभाळलं, तेवढा एक धागा पक्का. आणि ६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा हाच पोरगा जिंकला. अभिजीत सावंत दुसरा, निक्की तांबोळी तिसरी. दहा आठवडे ज्यांनी गट बांधले, फोडले, पुन्हा बांधले, ते टाळ्या वाजवत उभे होते.

दर पर्वात हे गट साधारण एकाच चालीने जमतात आणि एकाच चालीने फुटतात. पुण्यात कट्ट्यावर याचं कारण लगेच सांगितलं जातं: ‘सगळं स्क्रिप्टेड असतं हो!’ असं म्हटलं की विषय संपतो आणि आपण फसलो नाही याचं समाधानही मिळतं. पण संवाद लिहून द्यायची गरजच पडू नये, अशी त्या घराची रचना आहे, आणि तिला पाव शतकाचा इतिहास आहे.

१६ सप्टेंबर १९९९ ला नेदरलँड्समध्ये जॉन डे मोल यांच्या एंडेमोल कंपनीचा ‘बिग ब्रदर’, म्हणजे ‘बिग बॉस’चा मूळ अवतार, सुरू झाला. नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबरीतलं. माणसं कोंडायची, बाहेरचं जग तोडायचं, चोवीस तास कॅमेरे लावायचे आणि बघत बसायचं, इतकी साधी कल्पना. बाहेर कोणी जायचं यासाठी नावं सुचवणार घरातलेच, निकाल लावणार प्रेक्षक. पुढची सगळी भांडणं या एका नियमात बीजरूपाने होती. मी ज्याच्यासोबत जेवतो त्याचंच नाव मला द्यायचं आहे. आणि मला वाचवणारा मात्र घरात नाही, बाहेर सोफ्यावर बसलाय.

गट करून खेळणं ही मात्र दुसऱ्या घराण्याची देणगी. २००० साली अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ या बेटावरच्या स्पर्धेचं पहिलं पर्व झालं. त्यात रिचर्ड हॅच याने चौघांची गुप्त युती केली, एकेकाला ठरवून बाहेर काढलं आणि जिंकला. अंतिम भाग सुमारे ५ कोटी १७ लाख लोकांनी पाहिला. निकाल होता बाहेर पडलेल्या स्पर्धकांच्या ४ विरुद्ध ३ मतांचा. त्यातलं एक मत युतीतल्याच स्यू हॉकचं. तिने अंतिम फेरीत हॅचसमोर असलेल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, केली विग्ल्सवर्थला, सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि मत हॅचला दिलं. मैत्री मोडण्याचा क्षण हाच त्या पर्वाचा कळस ठरला, आणि जगभरच्या निर्मात्यांनी तो नीट पाहून ठेवला.

त्याच उन्हाळ्यात ब्रिटनच्या पहिल्या ‘बिग ब्रदर’मधून निक बेटमन या गड्याला हाकललं गेलं. तो प्रत्येकाशी गोड बोलायचा आणि कोणाचं नाव द्यायचं ते चिठ्ठ्यांवर लिहून दाखवायचा. घरातल्यांनी त्याला टेबलावर बसवून जाब विचारला. जाब विचारणारा क्रेग फिलिप्स पुढे विजेता झाला. आपल्याकडे ‘नॉमिनेशनबद्दल चर्चा करण्यास सक्त मनाई आहे’ असं बिग बॉस अधूनमधून धीरगंभीर आवाजात ऐकवतात, त्यामागे हीच भीती आहे. अर्थात मनाई चर्चेला आहे, डोळ्यांच्या खुणेला नाही.

भारतीय प्रेक्षकाला या प्रकाराची खरी चव लागली ती २००७ च्या जानेवारीत. ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीविरुद्ध जेड गुडी आणि तिच्या दोन मैत्रिणी असा तिघींचा गट तयार झाला. वंशद्वेषाच्या ४४ हजारांहून जास्त तक्रारी ब्रिटनच्या नियामक संस्थेकडे गेल्या आणि शिल्पा ६३ टक्के मतं घेऊन जिंकली. याचा पुढचा भाग तेवढा लोकांच्या लक्षात नाही. २००८ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वाची सूत्रं शिल्पाकडे होती आणि पाहुणी स्पर्धक म्हणून घरात आली जेड. आल्यावर दोनच दिवसांत तिला कन्फेशन रूममध्ये कॅन्सरचं निदान कळवलं गेलं आणि ती परत गेली. मार्च २००९ मध्ये ती वारली. या दोघींच्या वैराला जो शेवट मिळाला, तो कोणत्याही लेखकाने लिहायचं धाडस केलं नसतं.

हिंदी ‘बिग बॉस’ २००६ पासूनचा, पण पुण्याच्या दृष्टीने त्याची खरी जवळीक भौगोलिक. त्याची बरीच पर्वं लोणावळ्याच्या घरात झाली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, मावळ तालुक्यात. १५ एप्रिल २०१८ ला मराठीचं पहिलं पर्व महेश मांजरेकरांनी उघडलं तेही तिथेच. शनिवारी चिक्की घ्यायला जाणारी मंडळी गाडीची काच खाली करून ‘इथेच कुठेतरी आहे ते’ म्हणायची. दुसऱ्या पर्वापासून मराठीचा मुक्काम गोरेगावच्या चित्रनगरीत हलला.

माझी आजी शनिवार पेठेत वाड्यात राहिलेली. पहिलं पर्व बघताना ती म्हणाली होती, “हे काय भांडण? उद्या नळावर गाठ पडणार नाही, म्हणून जोर चढलाय.” तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. सामाईक नळ, सामाईक संडास, एकाच चौकात वाळणाऱ्या बारा बिऱ्हाडांच्या कुरडया. वाड्यात अबोला धरता यायचा, पण कोणी कोणाला नॉमिनेट करून वाड्याबाहेर काढू शकत नव्हतं. भांडणानंतरही सकाळी पाणी भरायचंच असायचं. पानशेतच्या पुरानंतर, १९६१ नंतर, शहर हळूहळू फ्लॅटकडे सरकलं आणि शेजाऱ्याच्या घरात डोकावायची सोय गेली. ती सोय टीव्हीने रात्री साडेनऊला परत आणून दिली, असं मला नेहमी वाटत आलंय. लोक वाड्यातल्यासारखे जवळ ठेवायचे, पण वाड्याची सक्ती मात्र काढून घ्यायची: घर चालतं ते यावर.

आता हिशेब. घरात सोळा जण आले आणि प्रत्येकाने दोन नावं द्यायची म्हटली, तर बत्तीस मतं विखुरतात. पाच जणांनी आपापसात दोन नावं ठरवली की त्या दोघांवर प्रत्येकी पाच मतं पडतात आणि ते हमखास नॉमिनेट होतात. म्हणून पहिल्या आठवड्यात गट हवाच. कॅप्टन्सीच्या टास्कमध्ये हात लागतात, म्हणूनही हवा. पण घरात सात-आठ जण उरले की तोच गट अडचण होतो. बाहेरचे काढून झालेले असतात. आता नाव द्यायचं ते आपल्यातल्याच कोणाचं तरी. त्यात मतं देणारा प्रेक्षक एका वेळी एकालाच जिंकवतो. साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात ‘मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य ऐकू येऊ लागतं, त्याचं मूळ या बेरजेत आहे. रागही खरा असतो आणि रडणंही. त्यांची वेळ मात्र हिशेबाने ठरलेली असते.

पहिल्या पर्वात हे अगदी स्वच्छ दिसलं. रेशम टिपणीस, राजेश शृंगारपुरे, सुशांत शेलार यांच्या मोठ्या गटासमोर मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग असं त्रिकूट उभं राहिलं. समोरचा गट मोठा होता तोवर तिघं एकमेकांना धरून होते. तो विरळ झाल्यावर तिघांत कुरबुरी सुरू झाल्या आणि शेवटाकडे मेघा एका बाजूला, सई-पुष्कर दुसऱ्या बाजूला असं चित्र झालं. २२ जुलै २०१८ ला मेघा जिंकली, पुष्कर उपविजेता. मित्रांनी एकटी पाडलेली बाई, ही प्रतिमा तिला फळली. ती खरोखर किती एकटी होती, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या पर्वात किशोरी शहाणे, वीणा जगताप, रूपाली भोसले यांच्या ‘केव्हीआर’ची चर्चा झाली. तिथे गट फुटला तो मतांपेक्षा मनामुळे. शिव ठाकरे समोरच्या बाजूचा, पण वीणाशी त्याचं सूत जुळलं आणि दोन्ही छावण्यांना आपलं माणूस तिकडे गेलं असं वाटू लागलं. अमरावतीचा शिव जिंकला आणि पुण्याची नेहा शितोळे उपविजेती ठरली. तेव्हा आमच्याकडे आठवडाभर ‘डोकं नेहाचंच होतं’ असं ऐकू येत होतं. डोकं आणि मतं या दोन गोष्टी वेगळ्या, हे पुणेकराला मान्य करवत नाही.

तिसऱ्या पर्वात ए आणि बी टीम ही नावंच रुळली. जय दुधाणे, उत्कर्ष शिंदे, मीरा जगन्नाथ एकीकडे. विशाल निकम, विकास पाटील, मीनल शाह, सोनाली पाटील दुसरीकडे. विशाल-विकासची दोस्ती किती वेळा तुटली आणि जुळली, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. चौथ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अक्षय केळकर जिंकला आणि किरण माने-विकास सावंत ही जोडी लक्षात राहिली.

टीम आखून दिली की वैर आपोआप येतं, हे समाजमानसशास्त्राने आधीच दाखवलं होतं. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात बावीस मुलांचं शिबिर भरवलं, त्यांचे दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या. काही दिवसांत झेंडे जाळले गेले. पण त्याआधीच्या वर्षी हाच प्रयोग फसला होता. त्या वेळी मुलांना आधी एकत्र राहू दिलं आणि मग वेगळं केलं. झालेली मैत्री तुटेना, आणि पोरांचा संशय शेवटी प्रयोग करणाऱ्यांवरच गेला. ‘बिग बॉस’च्या घरात पहिल्याच दिवशी टास्क का सुरू होतो, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

गट बराच काळ टिकल्याचं एक मोठं उदाहरण आहे आणि त्यात पुणं आहे. हिंदीच्या सोळाव्या पर्वात शिव ठाकरे, ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन, साजिद खान, अब्दू रोझिक, निमृत, सुंबूल यांची ‘मंडली’ जमली. शिवला गटाची किंमत मराठीतच कळली होती. त्याने इथे कोणाला दुखावून उडी मारली नाही. स्टॅनला तर घरी जायचीच घाई होती, निदान तो तसं सतत म्हणायचा. १२ फेब्रुवारी २०२३ ला शेवटचे दोघं उरले ते याच मंडलीतले, स्टॅन आणि शिव. स्टॅन जिंकला. मग महिना-दीड महिन्यात स्टॅन आणि अब्दूमधला दुरावा चव्हाट्यावर आला. घरात जो समोरचा शत्रू सगळ्यांना बांधून ठेवत होता, तो बाहेर नव्हता.

पाचव्या पर्वात सूत्रसंचालक म्हणून रितेश देशमुख आले, ‘भाऊचा धक्का’ हा त्यांचा शनिवार-रविवारचा भाग आला आणि गट फोडायचं एक जुनंच हत्यार धारदार झालं: पाठीमागे बोललेलं समोर दाखवायचं. निक्की, अरबाझ पटेल, जान्हवी किल्लेकर, वैभव चव्हाण यांची ए टीम सुरुवातीला अभेद्य वाटत होती. आपल्या माघारी आपलेच काय बोलतात, याच्या क्लिप निक्कीला दाखवल्या गेल्या आणि तिने गटाशी संबंध तोडला. प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक असतं ते घरात सोडून द्यायचं आणि मजा बघायची. कौटिल्याने शेजारचा राजा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा मित्र असं मंडल आखलं होतं. इथे दर शनिवारी राज्यांच्या सीमाच बदलतात.

सूरजचं उत्तर मला इथे सापडतं. त्याच्याकडे फुटण्यासारखा गटच नव्हता, त्यामुळे दाखवण्यासारखी क्लिपही नव्हती. त्याला खेळ कळत नाही अशी त्याच्यावर टीका झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती.

याच पर्वात जान्हवीने पॅडी कांबळे यांच्या अभिनयावरून अपमानकारक बोल लावले होते, त्याबद्दल तिला घरातल्या जेलमध्ये बसावं लागलं. ज्या पॅडींनी सूरजला जपलं, त्यांना बोलणारी ही. म्हणजे घराच्या हिशेबात सूरजच्या विरुद्ध बाजूची. शेवटच्या भागात ती ९ लाख घेऊन स्पर्धेतून बाहेर पडली. २०२५ च्या नोव्हेंबरात सूरजचं लग्न झालं, तेव्हा तीच जान्हवी हळदीपासून मांडवात वावरत होती, नाचत होती.