एआय रेग्युलेटरी सँडबॉक्स

रेग्युलेटरी सँडबॉक्स म्हणजे नियामकाच्या नजरेखाली, ठरलेल्या मुदतीत, मोजक्याच ग्राहकांवर एखादं नवीन प्रॉडक्ट खरोखर वापरून बघायची सोय. नाव मुलांच्या खेळायच्या वाळूच्या हौदावरून आलंय. आत शिरलं की कायदा लागूच होत नाही असं मात्र अजिबात नाही, काही नियम थोड्या काळापुरते सैल केले जातात आणि बाकीचे कसे पाळायचे ते नियामकाची माणसं कंपनीसोबत बसून ठरवतात.

एआयच्या नियमांनी धंदा अडतो की वाढतो यावर सतत वाद चालतो आणि त्यात मला हीच व्यवस्था सगळ्यात मोलाची वाटते, कारण छोट्या कंपनीला नियमाची जेवढी भीती नसते तेवढी आपण नियमात बसतो की नाही हेच कळत नसल्याची असते. मोठ्या वकिलाची फी परवडत नाही, बँक किंवा हॉस्पिटल म्हणतं आधी मंजुरी दाखवा, पैसे लावणारा विचारतो उद्या बंदी आली तर काय, आणि चांगलं चालणारं मॉडेल तसंच पडून राहतं.

ही कल्पना मुळात एआयची नाही, फिनटेकची, म्हणजे पैशांच्या व्यवहारांसाठीच्या तंत्रज्ञानाची. ब्रिटनची वित्तीय नियामक संस्था एफसीएने २०१६ मध्ये असा सँडबॉक्स सुरू केला, पहिल्या फेरीत ६९ अर्ज आले आणि त्यातले २४ घेतले. पुढे बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात दिसलं की सँडबॉक्समध्ये गेलेल्या कंपन्यांनी नंतरच्या दोन वर्षांत साधारण १५ टक्के जास्त भांडवल उभं केलं. नियामकाने तपासलंय म्हटल्यावर पैसे लावणाऱ्याचा भरवसा वाढतो, साधी गोष्ट आहे.

युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला. त्यात सगळ्यात मोठा दंड ३.५ कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के एवढा आहे, त्यामुळे चर्चा कायम दंडाचीच होते, पण त्याच कायद्यात प्रत्येक सदस्य देशाने निदान एक एआय सँडबॉक्स चालवावा असंही लिहिलंय आणि मूळ मुदत २ ऑगस्ट २०२६ होती. छोट्या कंपन्यांना आणि स्टार्टअपना प्रवेश आधी आणि साधारणपणे फुकट. ठरलेल्या प्लॅनप्रमाणे आणि नियामकाच्या सांगण्याप्रमाणे प्रामाणिकपणे काम केलं तर या कायद्याखालचा दंड लागत नाही, मात्र चाचणीत कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी कंपनीचीच, आणि हे असंच हवं. बाहेर पडताना जो रिपोर्ट मिळतो तो पुढे मंजुरीच्या वेळी दाखवता येतो. स्पेनने तर कायदा यायच्या आधीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सँडबॉक्सचा हुकूम काढला होता.

फायदा नियामकाचाही होतो. नॉर्वेच्या डेटा संरक्षण संस्थेच्या सँडबॉक्समध्ये तिथलंच सरकारी कल्याण खातं आलं, आजारपणाची रजा किती लांबेल याचा अंदाज बांधणारं मॉडेल घेऊन. तिथे लक्षात आलं की निर्णयाला मदत म्हणून असं मॉडेल वापरायला कायद्यात आधार सापडतो, पण ते शिकवण्यासाठी लोकांचा जुना डेटा वापरायचा आधार तेवढा स्पष्ट नाही. हे लाखो लोकांच्या फाइलींवर मॉडेल चालवून झाल्यावर कळलं असतं तर केवढ्याला पडलं असतं!

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये सँडबॉक्सची चौकट आणली, पहिली फेरी रिटेल पेमेंटची होती. त्यातल्या अनुभवावर साध्या बटणवाल्या फोनसाठीचं यूपीआय १२३पे उभं राहिलं आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालं, म्हणजे इंटरनेट नसलेल्या माणसालाही फोन लावून किंवा मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवता यायला लागले. एआयबद्दल रिझर्व्ह बँकेच्याच समितीने, जिचे अध्यक्ष आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य होते, ऑगस्ट २०२५ च्या अहवालात आर्थिक क्षेत्रासाठी एआय सँडबॉक्स असावा अशी शिफारस केलीये.

अडचण आहे ती जागांची. प्रत्येक प्रयोगाला मॉडेल आणि कायदा दोन्ही कळणारी माणसं नियामकाकडे लागतात, म्हणून एका फेरीत थोड्याच कंपन्या घेता येतात. ज्या आत गेल्या त्यांना काय उत्तर मिळालं ते जाहीर केलं तरच बाहेर राहिलेल्यांना त्याचा उपयोग होतो. नॉर्वेची संस्था प्रत्येक प्रोजेक्टचा रिपोर्ट सगळ्यांना वाचायला देते.